बेरी, चक

बेरी, चक : (१८ ऑक्टोबर १९२६ – १८ मार्च २०१७). रॉक अँड रोल या ठेकेदार लोकप्रिय संगीतप्रकाराच्या घडणीच्या काळातील अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. पूर्ण नाव चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरी. जन्म मिझूरी राज्यातील सेंट लुईस येथे एका खाऊनपिऊन सुखी कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील बांधकामाची कंत्राटे घेत आणि बाप्टिस्ट चर्चचे कामही पाहत. तरीही शाळा पुरी होण्याआधीच, १९४४ मध्ये, मित्रांबरोबर कॅन्सस सिटीत दुकाने लुटल्याबद्दल तो पकडला गेला. सुधारगृहातून सुटला तो एकविसाव्या वाढदिवशी. पुढे लग्न झाले; मोटारींच्या कारखान्यात काम, झाडलोट, केशभूषेचे शिक्षण असे करत त्याने संसार चालवला.

१९५२ च्या अखेरीस पियानोवादक जॉनी जॉन्सनने त्याला आपल्या छोट्या वाद्यवृंदात बदली वादक म्हणून बोलावले. ईस्ट सेंट लुईसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात बेरी मध्येच गोऱ्यांची खेडवळ कंट्री गाणी म्हणू लागला. कृष्णवर्णीय श्रोते आधी हसले, मग त्यांनाच ती हवीशी वाटू लागली. मे १९५५ मध्ये शिकागोत ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या व्यथागीतांचा प्रकार) गाणाऱ्या मडी वॉटर्सने त्याला तबकड्या काढणाऱ्या लिओनार्ड चेसकडे धाडले. चेसलाही त्याच्या ब्लूजपेक्षा ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री गाण्यावर बेतलेली चीज अधिक भावली. ‘मेबलीन’ या नावाने ती निघाली आणि दहा लाखांवर खपली. गाणे बेरीचे; पण रेकॉर्डवर सहलेखक म्हणून रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड आणि चेसशी व्यवहार असलेला रस फ्रॅटो हेही झळकले. गाणे रेडिओवर वाजत राहावे म्हणून फ्रीडला दिलेली ही दक्षिणाच होती. पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ उजाडले. बेरी पुढे पैशांच्या बाबतीत इतका कडवा का झाला, याचे उत्तर बरेचसे इथे सापडते.

गिटारवादक म्हणून त्याचा दबदबा मोठा असला, तरी त्याची खरी कमाई शब्दांत आहे. मोटारी, वर्गातला कंटाळा, शाळा सुटल्यावर नाणे टाकून गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सकडे घेतलेली धाव हे विषय तिशी गाठलेल्या या बापमाणसाने गोऱ्या-काळ्या पोरांच्या तोंडी बसतील अशा शब्दांत मांडले. उच्चार इतके स्वच्छ की एकही अक्षर निसटू नये. ‘जॉनी बी. गुड’मधील (१९५८) ‘काळा मुलगा’ त्याने गाणे रेडिओवर वाजावे म्हणून ‘खेड्यातला मुलगा’ केला. त्याच गाण्याची गाजलेली सुरुवात लुई जॉर्डनच्या वाद्यवृंदातील कार्ल होगनच्या १९४६ मधील वादनावरून उचललेली आहे. मात्र दोन तारा एकदम छेडून आणलेला ठसका बेरीचाच. वाकून, एक पाय पुढे टाकत चालण्याच्या ‘बदकचाली’ने प्रेक्षक वेडे होत.

डिसेंबर १९५९ मध्ये चौदा वर्षांच्या मुलीला अनैतिक हेतूने राज्याबाहेरून आणल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. न्यायाधीशाच्या वंशद्वेषी शेऱ्यांमुळे पहिला निकाल रद्द होऊन खटला पुन्हा चालला. तरी दोष सिद्ध झालाच. १९६२–६३ मध्ये त्याने सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढले. त्याची थोरवी सांगताना ही बाब दडपण्याचे कारण नाही. सुटून आला तोवर ब्रिटनमधील नवी पोरे त्याचीच गाणी वाजवत होती : रोलिंग स्टोन्सची पहिली तबकडी बेरीच्याच गाण्याची, आणि बीटल्सनीही त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली.

नंतर नवी गाणी कमी होत गेली. १९७२ मध्ये त्याचे एकमेव गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले, तेही ‘माय डिंग-अ-लिंग’ हे द्व्यर्थी, पोरकट गाणे! दौऱ्यावर तो एकटाच गिटार घेऊन जाई, स्थानिक वादक जमवी आणि आधी रोकड मोजून घेई. १९७९ मध्ये करचुकवेगिरीबद्दल पुन्हा चार महिने कैद झाली.

१९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत ‘जॉनी बी. गुड’ आहे, त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आणि मराठीतला एक नमस्कारही आहे.

बेरीच्या गाण्यांच्या चालींत आपलाही वाटा असल्याचा दावा पियानोवादक जॉन्सनने २००० मध्ये न्यायालयात केला. पियानोला सोयीच्या पट्ट्यांत बांधलेली गाणी पाहता तो अगदीच निराधार वाटत नाही. पण फार उशीर झाल्याच्या कारणाने २००२ मध्ये तो फेटाळला गेला. बेरी २०१४ पर्यंत सेंट लुईसच्या ‘ब्लूबेरी हिल’ या उपाहारगृहात दरमहा गात होता. ‘चक’ हा अखेरचा अल्बम त्याच्या मृत्यूनंतर, जून २०१७ मध्ये, प्रसिद्ध झाला.