फायबर चॅनल स्विच बसवणं आणि केबलिंग

फायबर चॅनल स्विच (इंदूरच्या सर्व्हर रूममध्ये सगळे नुसतं 'सॅन स्विच' म्हणतात, सॅन म्हणजे स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेजच्या मधला डबा. सर्व्हरच्या एचबीए कार्डातून (स्टोरेजच्या नेटवर्कला जोडणारं कार्ड) केबल स्विचला, तिथून दुसरी स्टोरेजच्या कंट्रोलरला, आणि मग पलीकडच्या रॅकमधल्या डिस्क सर्व्हरला आपल्याच पोटातल्या वाटायला लागतात. ह्याचं स्टँडर्ड 1994 मध्ये आन्सीने, म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेने, मान्य केलं. नावात फायबर असलं तरी तांब्याच्या तारेवरही हे चालतं, म्हणूनच इंग्रजीत मुद्दाम शेवटी आर-ई वालं स्पेलिंग घेतलंय. साध्या इथरनेटपेक्षा वेगळेपण क्रेडिटच्या हिशोबात आहे, समोरच्याकडे जागा आहे हे कळल्याशिवाय इकडून फ्रेम निघतच नाही, त्यामुळे गर्दी झाली तरी फ्रेम फेकली जात नाही, फक्त थांबते.

स्विच कधी एक घेत नाहीत, दोन घेतात, आणि ते दोन एकमेकांना जोडायचे नसतात. स्विच आणि त्याला जोडलेलं सगळं मिळून जे जाळं होतं ते फॅब्रिक; ए फॅब्रिक वेगळं, बी फॅब्रिक वेगळं. प्रत्येक सर्व्हरची एक केबल ए ला, एक बी ला, स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरमधूनही तसंच, पॉवर सप्लायसुद्धा वेगवेगळ्या लाइनवर. कागदावर हे शाळकरी पोरालाही समजतं पण मी स्वतः पलासियाकडच्या एका ऑफिसात असं सेटअप पाहिलंय की एका सर्व्हरच्या दोन्ही केबल ए मध्येच खोचलेल्या, दोन वर्षं कुणाला पत्ता नाही कारण दोन्ही पाथ (डिस्कपर्यंतच्या वाटा) स्क्रीनवर हिरवे दिसत होते, आणि फर्मवेअर अपडेटसाठी ए रीबूट केला तेव्हा त्या सर्व्हरच्या सगळ्या डिस्क एकदम गायब. ए ला एका रंगाचं लेबल आणि बी ला दुसऱ्या, केबलच्या दोन्ही टोकांना, एवढं केलं असतं तर लांबूनच दिसलं असतं.

रॅकमध्ये बसवणं त्यामानाने सोपं: केज नट, रेल, दोघं जण. लहान स्विच एका यू चा, म्हणजे 44.45 मिमी उंच. बघायची गोष्ट म्हणजे हवा. बरेच सॅन स्विच पोर्ट नसलेल्या बाजूने हवा ओढतात आणि पोर्टच्या बाजूने गरम हवा सोडतात, म्हणून पोर्ट रॅकच्या मागे येतात, जिथे सर्व्हरचे एचबीए असतात. उलटा लावला तर तो सर्व्हरचीच गरम हवा पिणार, आणि मे महिन्यात बाहेर चाळिशी पार झालेली असताना एसीने दगा दिला की पहिला तोच ओरडतो.

आता केबल. पोर्टमध्ये एसएफपी बसतं, म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा छोटा तुकडा (जुनी मंडळी अजून 'जीबिक' म्हणतात), त्यात एलसी ह्या छोट्या कनेक्टरची पॅच कॉर्ड. रूममधल्या रूममध्ये 850 नॅनोमीटरचा शॉर्टवेव्ह एसएफपी आणि ओएम3 किंवा ओएम4 दर्जाची मल्टिमोड, म्हणजे जवळच्या पल्ल्याची काचेची केबल, बहुतेक वेळा फिक्या निळ्या-हिरव्या ॲक्वा रंगाची. पिवळी म्हणजे सिंगल मोड, लांब पल्ल्याची, ती ह्यात मिसळू नका. स्पीड वाढला की पल्ला घटतो, ओएम4 वर 16 गिगला 125 मीटर आणि 32 गिगला 100. टाय म्हणून वेल्क्रो वापरा, प्लॅस्टिकची झिप टाय करकचून ओढली की काच आत दबते. वळण केबलच्या जाडीच्या दहापटीपेक्षा लहान नको.

पण निम्म्याहून जास्त वेळ जातो तो "भिया, लाइट नी आ री" (भाऊ, लाइट येत नाहीये) ह्या वाक्यावर. कधी टीएक्स-आरएक्स (पाठवणारी आणि घेणारी तार) सरळ झालेलं असतं, म्हणजे टीएक्स समोरच्या टीएक्सलाच जोडलेलं, तर एलसीच्या दोन तारांची अदलाबदल केली की काम झालं. नाहीतर घाण. मल्टिमोडचा गाभा 50 मायक्रॉनचा, केसाहून बारीक, त्यावर बोटाचा तेलकट ठसासुद्धा पुरतो, आणि स्वच्छतेत सलग सात वर्षं देशात पहिला आलेल्या शहरातही कनेक्टर शर्टाला पुसणारे भेटतात! क्लिक करणारा क्लीनर पेन मिळतो, तो मारायचा, नवी कोरी केबल असली तरी, आणि रिकाम्या पोर्टवर टोपी ठेवायची. डोळा लावून पोर्टमध्ये बघू नका, लेसर दिसत नसतो तरी असतो.

लिंक वर आली तरी डिस्क दिसत नसेल, तर झोनिंग, म्हणजे कुणी कुणाला बघायचं ही स्विचमधली यादी, राहिलेलं असतं. प्रत्येक एचबीएचा 64 बिटांचा डब्ल्यूडब्ल्यूएन नंबर (त्याची स्वतःची ओळख) असतो, तो आणि स्टोरेजचे पोर्ट मिळून एक झोन, एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट ही रीत चांगली. जुना वापरलेला स्विच चालू फॅब्रिकला जोडत असाल तर आधी त्याचं झोनिंग पुसा आणि डोमेन आयडी (फॅब्रिकमधला स्विचचा नंबर) बदला, दोघांचा 1 असला तर ते जुळत नाहीत, सेगमेंट होतात, म्हणजे वेगळे पडतात. शेवटी एरर काउंटर शून्य करून एक दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवशी एखाद्या पोर्टवर सीआरसी (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचे एरर) वाढलेले दिसले की पुन्हा तोच क्लीनर पेन.