जुन्या माउंटन बाइकची सिंगल स्पीड : अडचण मागच्या खाचेत

माउंटन बाइकचे गिअर काढून ती सिंगल स्पीड, म्हणजे मागे एकाच दातेरी चकतीवर चालणारी, करायची म्हटले की लोकांना वेडेपणा वाटतो. पण ही सायकल जन्मली तीच बिनगिअरची. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतली तरुण मंडळी श्विन कंपनीच्या तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलायची आणि माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायची. ब्रेक म्हणजे पॅडल उलटे दाबले की लागणारा. १९७६ पासून फेअरफॅक्सजवळ ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत होऊ लागली. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधले (मधल्या तुंब्यातले) ग्रीस धूर होऊन गेलेले असे आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव.

चढावर मात्र या सायकली ढकलतच न्याव्या लागत. १९७४ मध्येच कॅलिफोर्नियातल्याच क्युपर्टिनोच्या मॉरो डर्ट क्लबच्या स्वारांनी अशाच सायकलींना डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे यंत्र) लावून मरीनमध्ये आणल्या होत्या; मरीनमधल्या गॅरी फिशर आणि इतर स्वारांनी ती युक्ती उचलली. १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने अशा रस्त्यांसाठी खास फ्रेम बनवली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची १५ गिअरची स्टम्पजम्पर दुकानात आली. मग गिअर वाढतच गेले : २१, २४, २७.

१९९० च्या दशकात काही स्वार याला कंटाळले. चिखलात डिरेलर अडकतो, फांदी लागली की वाकतो, शिवाय सारखी जुळवाजुळव करावी लागते. त्यांनी जुन्या फ्रेम एकाच चकतीवर चालवायला घेतल्या, आणि खरी अडचण तिथे कळली.

एकाच चकतीवर चेन ताठ ठेवायची तर मागचे चाक पुढे-मागे सरकायला हवे. फ्रेमच्या ज्या खाचेत मागच्या चाकाचा आस बसतो, ती आपल्याकडच्या साध्या सायकलीत आडवी असते, म्हणून मेकॅनिक नट सैल करून चाक मागे ओढतो आणि चेन ताणतो. सुरुवातीच्या बऱ्याच माउंटन बाइकही अशाच होत्या. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून उभी खाच रूढ झाली. तिच्यात चाक दर वेळी नेमक्या जागी बसते, जोर लावला तरी सरकत नाही. गिअरसाठी हे उत्तम. सिंगल स्पीडसाठी डोकेदुखी. म्हणून जुनी फ्रेम निवडताना रंग-बिंग नंतर, आधी ही खाच बघावी. उभी असेल तर चेन ताणणारी छोटी पुली लावावी लागते. काटकसरी लोक जुन्या डिरेलरकडूनच ते काम करून घेतात.

बाकीचे काम सोपे. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) काढून एकच चकती ठेवायची आणि उरलेली जागा स्पेसरने, म्हणजे पोकळ कड्यांनी, भरायची. पीव्हीसी पाइपाचे तुकडेही चालतात. फक्त ती चकती पुढच्या चकतीच्या अगदी सरळ रेषेत हवी. २६ इंची चाकाला पुढे ३२ आणि मागे १६ दाते हे सर्वसाधारण प्रमाण. घाटात राहणाऱ्याने मागे १८ घ्यावेत. आणि कॅसेटमधलीच चकती वापरायचा मोह टाळावा : तिचे काही दाते चेन सहज उतरावी म्हणून मुद्दाम आखूड घडवलेले असतात.