हूण नक्की कुठले? गोधडीचा काठ बघा

शाळेच्या पुस्तकात हूण दोन ओळींत उरकायचे. हूणांच्या आक्रमणांनी गुप्त साम्राज्य खिळखिळं झालं, तोरमाण, मिहिरकुल हे त्यांचे राजे, मग माळव्याच्या यशोधर्म्याने मिहिरकुलाला हरवलं, झाला धडा. परवा भाच्याने विचारलं, "मामा, हे हूण म्हणजे रोमनांना छळणाऱ्या त्या हूण राजाचे, अॅटिलाचेच भाऊबंद का?" म्हटलं बाबा रे, अॅटिलाचेच हूण मुळात कुठले यावर अडीचशेहून जास्त वर्षं भांडण चाललंय, तू थेट यशोधर्म्याच्या मंदसोरला कुठे पोचतोस!

भांडण असं. इ.स. ३७० च्या सुमाराला हे घोडेस्वार व्होल्गा नदीच्या पलीकडून युरोपात घुसले, रोमनांची झोप उडवली, ४५३ मध्ये अॅटिला मेला आणि पुढच्या काही वर्षांत सगळा डोलारा कोसळला. स्वतः लिहिलेलं एक पान मागे ठेवलं नाही. आता त्याआधी मंगोलियात शिओंग्नू नावाच्या भटक्या टोळ्यांचं मोठं साम्राज्य होतं, चीनला त्यांनी भरपूर छळलेलं, ते इ.स. १०० च्या आसपास मोडलं. १८व्या शतकात एका फ्रेंच पंडिताने म्हटलं की शिओंग्नू तेच हूण. नाव सारखं वाटतं, तांब्याचे उंच हंडे दोन्हीकडे सापडतात. पण मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं आणि हजारो किलोमीटर, आणि हंडा काय, कोणीही कोणाचाही बघून बनवतो.

मग लोक कवट्यांकडे वळले. हूणकाळातल्या बऱ्याच कवट्या वर लांबुडक्या निघतात, त्यावरून "वेगळा वंश" वगैरे बरंच लिहून झालं. प्रत्यक्षात तो आकार तान्ह्या बाळाच्या डोक्याला बांधलेल्या पट्टीचा आहे! आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तिकडे लांब व्हावं म्हणून आवळून बांधायचे, आणि ही फॅशन शेजारच्या जर्मन टोळ्यांनीही उचलली होती. म्हणून कवटी मोजून वंश सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ली, जो पुढे १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर झाला, नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची प्रतवारी लावत होता आणि ते 'सायन्स' म्हणून छापलं जायचं. आज तोच माल "तुमच्यात अमुक टक्के योद्ध्याचं रक्त" असा रिपोर्ट बनून मोबाईलवर येतो.

दाताचं प्रकरण जास्त भरवशाचं. इनॅमल लहानपणी बनतं आणि नंतर बदलत नाही, त्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य खाण्यापाण्यातून शिरतं आणि त्याच्या समस्थानिकांचं (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं) प्रमाण तिथल्या खडकांप्रमाणे ठरतं, त्यामुळे माणूस पुरला त्याच भागात वाढला की बाहेरून आला हे बरंचसं कळतं. पण दात फक्त त्या माणसाचं बालपण सांगतो. पणजोबा मंगोलियातून आलेला असेल तर दाताला त्याचा पत्ता नसतो.

पणजोबासाठी डीएनए. तो काढायचा कुठून, तर कानाच्या आतल्या भागाभोवती एक हाड असतं, अख्ख्या सांगाड्यातलं सगळ्यात घट्ट, त्यात हजारो वर्षं डीएनए तग धरतो. बारीक ड्रिलने चिमूटभर भुकटी काढायची. आणि आता माझा लाडका भाग.

आजीच्या दोन लुगड्यांची गोधडी डोळ्यासमोर आणा. समजा प्रत्येक पिढीत आईची गोधडी आणि बापाची गोधडी कापून नवी शिवतात. पहिल्या पिढीत आजीच्या लुगड्याचा हातभर काठ सलग मिळेल, पुढच्या कापाकापीत वीतभर, मग चार बोटं. रंगावरून काही ठरत नाही, लाल लुगडी गावभर असतात, आणि टक्केवारीवाले रिपोर्ट असे रंगच मोजतात. पण दोन वेगवेगळ्या गावांतल्या गोधड्यांत तोच काठ, तीच वीण, तोच हळदीचा डाग वीतभर सलग सापडला तर लुगडं एकच आणि फार जुनं नाही. डीएनएचं असंच. शुक्रपेशी किंवा अंडपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसात तुकडे बदलतात, त्यामुळे एका पूर्वजाकडून आलेला सलग तुकडा दर पिढीत कुठेतरी तुटायची शक्यता असते. ही लांबी सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात, एक सेंटीमॉर्गन म्हणजे एका पिढीत तिथे तुटायची शक्यता साधारण एक टक्का. दोन माणसांमध्ये समाईक पूर्वजामार्गे अशा बारा कापाकाप्या झाल्या असतील तर तुकड्याची सरासरी लांबी शंभर भागिले बारा, म्हणजे आठेक सेंटीमॉर्गन. दोन जिवंत माणसांत या बारा कापाकाप्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा वाटल्या जातात, पण इथे एक सांगाडा स्वतःच दोन हजार वर्षं जुना, समाईक पूर्वजाच्या जवळचा, त्याच्या बाजूने कापाकापी जेमतेम एक-दोन, बाकी सगळी नंतरच्या हूणाच्या बाजूने, म्हणून तीनशे वर्षांचं, म्हणजे दहा-बारा पिढ्यांचं अंतर पार करूनही मोजण्याइतका तुकडा उरू शकतो. (डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ, आणि जुना डीएनए शंभरेक अक्षरांच्याही खाली तुटलेला असतो, तरी लांब तुकडा कसा वाचतात? तर बारीक कपटे माहितीतल्या मानवी नकाशावर बसवतात आणि मधली भोकं आकडेशास्त्राने भरतात. यात मी शिरलो तर तुम्ही उठून जाल.)

आता दुसरी बाजू पण बघा. दहा पिढ्यांमागे आपले १०२४ पूर्वज, पण तोवर आपला डीएनए साधारण सहा-सातशे तुकड्यांतच आलेला असतो. म्हणजे कित्येक पूर्वजांचं एक अक्षरही आपल्यात नाही, वंशावळ शंभर टक्के खरी असली तरी. अमुक सरदाराचं रक्त धमन्यांत सळसळतं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

२०२५ च्या फेब्रुवारीत याच पद्धतीने हूणांचा निकाल आला. मंगोलियापासून हंगेरीपर्यंतच्या, इ.स.पू. दुसऱ्या ते इ.स. सहाव्या शतकातल्या ३७० जणांचा डीएनए शेजारी ठेवून बघितला, त्यातल्या बऱ्याच जणांचा आधीच वाचलेला होता. हंगेरीच्या बाजूच्या काही हूणकाळातल्या माणसांत आणि मंगोलियातल्या शिओंग्नूंच्या अगदी वरच्या थरातल्या लोकांत असे लांब सलग तुकडे जुळले. म्हणजे फ्रेंच पंडित बरोबर? काहींपुरता. बहुतेकांचं मूळ भलतंच मिसळलेलं निघालं, पूर्वेकडचा स्पष्ट अंश मोजक्याच थडग्यांत, आणि हूण गेल्यावर तिथे पूर्वेकडच्या लोकांची मोठी वस्ती उरल्याचं दिसत नाही. मूठभर घराणी लांबून आली आणि बाकी फौज वाटेत गोळा होत गेली, मला तरी असंच वाटतं.

हूणांनंतर हंगेरीत आलेल्या अवार नावाच्या भटक्या लोकांचा किस्सा याच्या अगदी उलटा. मंगोलियातली रौरान सत्ता ५५२ ते ५५५ च्या दरम्यान तुर्कांनी मोडली आणि ५६८ पर्यंत अवार हंगेरीत हजर! तिथल्या श्रीमंत थडग्यांतला डीएनए थेट मंगोलियाकडे बोट दाखवतो, हा अभ्यास २०२२ चा. मग २०२४ मध्ये चार दफनभूमींतल्या ४२४ जणांची अक्षरशः वंशावळ जोडली, एक तर नऊ पिढ्यांची. मुलगे बापाच्या गावातच पुरलेले, त्यांच्या बायका बाहेरून आलेल्या, नात्यात लग्न कुठेच नाही, आणि भाऊ वारल्यावर भावजयेशी संसार केल्याचेही पुरावे. आपण देवक बघतो, ते काय बघत असतील?

भाच्याचा प्रश्न राहिलाच. नाव एक म्हणून लोक एक असं धरता येत नाही हे तर अॅटिलाच्या हूणांनीच दाखवलंय, त्यामुळे तोरमाणाचा धागा त्यांच्याशी जोडायचा तर असेच सलग तुकडे हवेत, आणि आपल्याकडच्या उष्ण दमट मातीत डीएनए टिकतच नाही फारसा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या टीमने हरियाणातल्या राखीगढीत, सिंधू संस्कृतीच्या जुन्या शहरात, खोदकाम केलं, तिथल्या ६१ नमुन्यांतून शेवटी वाचता आला तो फक्त एका बाईचा डीएनए, तोही तिच्या कानाच्या हाडातून. भाचा म्हणाला, "मग बाकीच्या ६० नमुन्यांचं काय?" काही नाही रे, पावडर झाली.