अंगठ्याचा ठेका

गिटार एकच असते, पण कानाला दोन वाजताहेत असं वाटतं. खाली खर्जाचा ठेका अखंड चालू, वर चाल आपल्या मस्तीत. अमेरिकन फिंगरस्टाइलची, म्हणजे बोटांनी तारा छेडायच्या शैलीची, ही करामत मुख्यतः अंगठ्याची. जाड तारांवर तो आलटून पालटून पडत राहतो आणि चाल बाकीची बोटं सांभाळतात. रॅगटाइम या जुन्या अमेरिकन संगीतप्रकारात पियानोवर डावा हात जे करायचा, ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वादकांनी अंगठ्यावर सोपवलं.

अपवाद एलिझाबेथ कॉटनचा. ती डावखुरी. उजव्या हाताची गिटार तिने तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे खर्ज बोटांकडे गेला आणि चाल अंगठ्याकडे!

याच शैलीतल्या मिसिसिपी जॉन हर्ट या गायक-गिटारवादकाने १९२८ साली ओके या तबकड्यांच्या कंपनीसाठी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. पाठोपाठ मंदी आली, आणि हर्ट पुन्हा शेतात राबू लागला. पस्तीस वर्षांनी जुन्या तबकड्यांच्या शौकिनांनी त्याला शोधलं ते त्याच्याच गाण्यावरून. ॲव्हलॉन हे आपलं गाव, असं त्याने त्यात सांगून ठेवलं होतं. १९६३ मध्येच तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. पुढे जेमतेम तीन वर्षं मिळाली त्याला.

बुका व्हाइट या ब्लूज गायकाचा (ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत) माग असाच लागला. त्याच्या गाण्यात ॲबरडीन होतं, म्हणून जॉन फाही या तरुण गिटारवादकाने 'जुना ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी' एवढ्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते पोचलं!

हा फाही मेरीलँडच्या टाकोमा पार्कमधला गोरा पोरगा. पेट्रोल पंपावरच्या कमाईतून त्याने १९५९ मध्ये आपल्या पहिल्या तबकडीच्या जेमतेम शंभर प्रती काढल्या. एका बाजूला स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला 'ब्लाइंड जो डेथ' नावाचा मनाने रचलेला म्हातारा ब्लूजवाला. गाणं नाही, साथ नाही, नुसती पोलादी तारांची गिटार. हर्टसारख्यांच्या हाती जी गाण्याची सोबत होती, ती फाहीकडे स्वतंत्र मैफल झाली. या परंपरेला पुढे 'अमेरिकन प्रिमिटिव्ह' हे नाव चिकटलं. मला ते पटत नाही. यात आदिम काय आहे?

फाहीच्याच टाकोमा या तबकड्यांच्या कंपनीने लिओ कॉट्की आणि रॉबी बाशो या गिटारवादकांनाही पुढे आणलं. बाशो तर सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे शिकला. त्याची बारा तारांची गिटार ऐकताना मध्येच सरोदची आठवण येते.