ट्रेब्युशे (प्रतिभारी गोफणयंत्र)

ट्रेब्युशे : वेढा घातलेल्या किल्ल्यावर दगड फेकणारे मध्ययुगीन लाकडी यंत्र. बाराव्या शतकात भूमध्य समुद्राभोवती ते वापरात आले आणि तोफांनी जागा घेईपर्यंत टिकले. अरबी-फारसीत दगडफेकी यंत्रांना मंजनीक म्हणत. चित्रांत हमखास दिसणारे, पीळ भरलेल्या दोरांवर उसळणारे यंत्र ते हे नव्हे. ते रोमनांचे ओनागर.

विहिरीवरच्या ओकतीला एका टोकाला दगड बांधलेला असतो, म्हणून भरलेला पोहरा सहज वर येतो. ट्रेब्युशेचे तत्त्व तेच, घाई मात्र फार. आसावर बसवलेल्या तुळईच्या आखूड बाजूला दगडमातीने भरलेली पेटी, लांब टोकाला गोफण. लांब बाजू आखूड बाजूच्या साधारण चार ते सहा पट. लांब टोक खाली ओढून खिटीने अडकवायचे. खिटी काढली की पेटी कोसळते आणि ते टोक वेगाने वर झेपावते.

खरी करामत गोफणीची. जोंधळा राखणारा गोफणीची एक दोरी बोटात ठेवतो आणि दुसरी नेमक्या क्षणी सोडतो. इथे बोटांचे काम तुळईच्या टोकावरचा लोखंडी आकडा करतो. गोफणीचा एक पदर टोकाला पक्का, दुसऱ्याची कडी आकड्यात नुसती अडकवलेली. ठरावीक कोनात ती आपोआप निसटते. आकडा जास्त वाकवला तर दगड उशिरा सुटून सपाट जातो, सरळ केला तर लवकर सुटून उंच जातो.

६ टनांची पेटी ४ मीटर खाली आली आणि तिची निम्मी ऊर्जा १०० किलोच्या दगडाला मिळाली, तर हवेचा विरोध सोडून दगड सुमारे २४० मीटर जाईल. पण पल्ल्यापेक्षा सातत्य मोलाचे. आधीच्या मंजनिकी माणसे दोर ओढून चालवत. सिंधमधील देबल बंदराच्या वेढ्यातल्या ‘अरूस’ म्हणजे ‘वधू’ नावाच्या यंत्राला ५०० माणसे लागत, असे अरबी इतिहासकार बलाझुरी सांगतो. माणसे थकतात, ओढ कमीजास्त होते. पेटी दर वेळी तेवढ्याच जोराने पडते, म्हणून सारख्या वजनाचे दगड घडवले की तटाच्या एकाच जागी मारा करता येई.

१२७३ मध्ये कुब्लाई खानाच्या सैन्याने इराणकडून आलेल्या कारागिरांच्या यंत्रांनी चीनमधील श्यांगयांग जिंकले. १३०१ मध्ये रणथंभोरला उलटे घडले : वेढा घालणाऱ्या अलाउद्दीन खलजीचा सरदार नुसरतखान गडावरून आलेल्या दगडाने मेला. १३०४ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंगचा किल्ला शरण येत असताना इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने शरणागती थांबवून ठेवली. त्याला ‘वॉरवुल्फ’ हे नवे अजस्र यंत्र चालवून पाहायचे होते!

१५२१ मध्ये मेक्सिकोत दारूगोळा संपत आल्यावर कोर्तेसच्या स्पॅनिश सैनिकांनी असे एक यंत्र उभारले. सोडलेला दगड सरळ वर गेला आणि यंत्रावरच परत आला.