स्वमग्नतेचा बायोमार्कर

बायोमार्कर म्हणजे स्वमग्नता (ऑटिझम) ओळखू देईल अशी, रक्त, जनुके, मेंदूचे चित्रण किंवा नजरेची हालचाल यांतून मोजता येणारी जैविक खूण. सगळ्या मुलांना लागू पडेल अशी एकही खूण अजून हाती आलेली नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले ते मुलांच्या वागण्यावरून, आणि निदान आजही वागण्यावरूनच होते.

शोधाचा जुना धागा सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा. १९६१ मध्ये शेन आणि फ्रीडमन या संशोधकांना काही स्वमग्न मुलांच्या रक्तात ते जास्त आढळले. हे निरीक्षण पुढेही टिकले, पण बऱ्याच स्वमग्न मुलांत पातळी नेहमीसारखीच असते, त्यामुळे समोरच्या एका मुलाविषयी त्यातून काही ठरत नाही. जनुकांतही तेच. शंभराहून अधिक जनुकांचा संबंध दिसतो. फ्रॅजाइल एक्ससारखे (एकाच जनुकातल्या बदलाने होणारा आजार) नेमके कारण थोड्याच मुलांत सापडते. खरे तर एकाच नावाखाली अनेक वेगळ्या अवस्था असाव्यात, म्हणून एकच खूण शोधणे मुळातच अवघड आहे.

नजरेचे संशोधन जास्त आशादायक. क्लिन आणि जोन्स या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की पुढे स्वमग्न ठरलेली बाळे सुरुवातीला इतरांसारखीच डोळ्यांकडे पाहत होती. दोन ते सहा महिन्यांच्या काळात ते पाहणे घटत गेले. याच धर्तीवरचे नजर टिपणारे उपकरण अमेरिकेत मंजूर झाले आहे, तेही डॉक्टरांच्या मदतीपुरते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत मूल बोलेना की ‘मामाही उशिराच बोलायला लागला’ हे ठरलेले उत्तर. नाहीतर दोष घरच्या मराठीवर आणि बाहेरच्या कन्नडवर. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. शिवाय आवडती वस्तू बोट दाखवून मागायला, हाकेला वळून बघायला कुठलीच भाषा लागत नाही, आणि तपासणारा आधी तेच बघतो. पालक मात्र बेरा, थायरॉइड, ईईजी अशा कागदांची जाड फाईल पुढे करतात. ‘सगळं नॉर्मल आलंय’ याचा अर्थ स्वमग्नता नाही, असा समज होतो. बेरा ऐकू येते का ते सांगते, ईईजी मुख्यतः फिट्सच्या शंकेसाठी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील प्रमाणपत्रासाठीही प्रयोगशाळेचा अहवाल चालत नाही. ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीचे ४० मुद्दे मुलाला पाहून आणि आईवडिलांना विचारून भरले जातात.