घरी दिवा मालवणारा हात ऑफिसात का थांबतो

विमान धावपट्टीवर उतरतं आणि वेग कमी झाला की सावकाश टर्मिनलकडे निघतं. जमिनीवरच्या या प्रवासाला सगळी इंजिनं लागत नाहीत. उतरल्यावर इंजिन थंड व्हायला लागणारी काही मिनिटं गेली की कॅप्टन एखादं इंजिन बंद करू शकतो आणि उरलेल्यांच्या जोरावर विमान गेटपर्यंत नेऊ शकतो. धावपट्टी ओली असेल, वळण अवघड असेल, तर तो इंजिन बंद करणार नाही. तो निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. इंधनाचे पैसे मात्र कंपनी भरते.

२०१४ मध्ये फेब्रुवारी ते सप्टेंबर असे आठ महिने व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीच्या ३३५ कॅप्टनांवर एक प्रयोग झाला. ग्रीर गोस्नेल, जॉन लिस्ट आणि रॉबर्ट मेटकाफ या अर्थशास्त्रज्ञांनी तो आखला होता. तीन कामांवर नजर ठेवली गेली: प्रवासी आणि सामानाचं अखेरचं वजन कळल्यावर इंधनाचा हिशेब पुन्हा करणं, हवेत असताना उंची, वेग आणि मार्ग काटकसरीने निवडणं, आणि उतरल्यावर एक इंजिन बंद करणं. कॅप्टनांचे चार गट पाडले. पहिल्या गटाला एवढंच सांगितलं की इंधनाच्या वापराची नोंद ठेवली जात आहे. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला दर महिन्याला घरी पत्र जाई. मागच्या महिन्यात यांतलं कोणतं काम किती उड्डाणांत केलं, याचे आकडे त्यात असत. तिसऱ्या गटाला पत्राबरोबर वैयक्तिक उद्दिष्टही दिलं. चौथ्या गटात उद्दिष्ट गाठलं की कॅप्टनने निवडलेल्या संस्थेला १० पौंडांची देणगी जाई.

नुसती नोंद होते आहे एवढं कळलेल्या पहिल्या गटाचंही वागणं चांगलंच सुधारलं. उद्दिष्ट मिळालेले गट त्यांच्याही पुढे गेले. सर्वांत मोठी वाढ उतरल्यावर इंजिन बंद करण्यात दिसली, कारण ते काम सर्वांत सोपं आणि पूर्णपणे कॅप्टनच्या हातातलं होतं. देणगीमुळे इंधनात आणखी बचत झाली नाही. सगळं मिळून २१,००० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला. खर्च झाला तो टपालाचा आणि थोड्या देणग्यांचा.

या प्रयोगाची आठवण ठेवावी, कारण कामाच्या ठिकाणी पर्यावरण जपायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं पाऊल ठरलेलं असतं: ५ जूनला व्याख्यान, जिन्यात पोस्टर आणि आवारात एक रोप. यामागे एक समजूत आहे, की लोकांना कळत नाही म्हणून ते वीज वाया घालवतात. पण तोच माणूस घरी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करतो, नळ टिपकत राहिला तर रात्री उठून फिरवतो. त्याला कळतं आणि वाईटही वाटतं. ऑफिसात मात्र तो रिकाम्या मीटिंग रूमच्या चालू एसीसमोरून निघून जातो.

मानसशास्त्रात याची उकल करायला आइझेक आइझेन यांची १९९१ ची मांडणी फार वापरली जाते. ती म्हणते, माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींच्या जोरावर: ती गोष्ट त्याला कशी वाटते, आजूबाजूचे लोक काय अपेक्षा ठेवतात, आणि ती आपल्या आवाक्यात आहे असं त्याला किती वाटतं. पोस्टर फक्त पहिलीला हात घालतं. कामाच्या ठिकाणी खिंडार बहुतेक वेळा तिसरीत असतं. घरी बिल आपल्या नावाने येतं, बटण कुठलं ते माहीत असतं, बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही. ऑफिसात बिल अकाउंट्सकडे जातं, एसीचा रिमोट कुलपात असतो, बारा दिवे एकाच बटणावर असतात आणि त्या ओळीत पलीकडे अजून दोघं बसलेली असतात.

मासोसो आणि ग्रोबलर या अभ्यासकांनी बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही व्यापारी इमारतींचं ऊर्जा लेखापरीक्षण केलं. २०१० मध्ये छापून आलेला त्यांचा आकडा असा: ५६ टक्के ऊर्जा कामाच्या वेळेबाहेर खर्च होत होती आणि फक्त ४४ टक्के कामाच्या वेळेत. लोक घरी गेल्यावर दिवे, एसी आणि यंत्रं चालूच होती. आपल्या इमारतीचं काय चाललंय ते पाहायला यंत्रणा लागत नाही. शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मीटरचं रीडिंग लिहायचं, सोमवारी सकाळी पहिला माणूस यायच्या आधी पुन्हा लिहायचं, फरकाला तासांनी भागायचं. ताशी जे युनिट येतील त्यांतून सर्व्हर, फ्रिज, सुरक्षेचे दिवे असे खरे गरजेचे वजा केले की उरलेला आकडा कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

माणसाला काहीच करायला लावायचं नसेल, तर यंत्राचं मूळ सेटिंग बदलावं. स्वीडनमधल्या एका विद्यापीठात योहान एगेबार्क आणि माटियास एक्स्ट्रॉम यांनी दोन उपाय करून पाहिले. एकीकडे कागद वाचवा अशी विनंती पाठवली, दुसरीकडे प्रिंटरचं मूळ सेटिंग एका बाजूऐवजी पाठपोट केलं. विनंतीचा परिणाम शून्य. सेटिंगमुळे कागदाचा वापर १५ टक्क्यांनी घटला आणि सहा महिन्यांनंतरही ती घट टिकून होती. एका बाजूची प्रिंट काढायची मुभा कोणाचीच गेली नव्हती.

पण यालाही मर्यादा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यालयात हिवाळ्यात हीटिंगच्या थर्मोस्टॅटचं मूळ सेटिंग खाली आणलं गेलं. सेटिंग १ अंशाने उतरवलं की लोकांनी ठेवलेलं तापमान सरासरी ०.३८ अंशाने उतरलं. मात्र छोटी, १ अंशाची घट जास्त परिणामकारक ठरली. २ अंश उतरवल्यावर तेवढी घट मिळाली नाही. फरक अंगाला जाणवला की हात बटणाकडे जातो, आणि एकदा गेला की मूळ सेटिंगचा प्रभाव संपतो. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले खोलीचे एसी २४ अंशांच्या मूळ सेटिंगसह येतात, त्यामागेही हाच विचार आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान १ अंशाने वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० वर चालणारं ऑफिस एका सोमवारी थेट २६ वर नेलं तर दुपारपर्यंत तक्रारींचा पाऊस पडेल. दर पंधरवड्याला एकेक अंश वर नेलं आणि जोडीला छताचे पंखे चालू ठेवले, तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

यात वरिष्ठांचा वाटा किती, ते जपानमध्ये दिसलं. २००५ च्या उन्हाळ्यात तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत एसी २८ अंशांवर ठेवायला सांगितलं. कोट आणि टाय घालून २८ अंशांत बसणं कठीण, आणि साहेबाने टाय घातला असताना हाताखालच्याने काढणं जपानी कार्यालयात त्याहून कठीण. म्हणून पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायशिवाय लोकांसमोर आले. त्या एका मोसमात ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचा अंदाज मंत्रालयाने दिला. इथे आइझेनच्या मांडणीतली दुसरी गोष्ट कामाला आली: वरून परवानगी डोळ्यांना दिसली.

आकडे दाखवण्याचंही एक तंत्र आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कॅरिको आणि रीमर यांनी काही इमारतींतल्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या इमारतीच्या वीजवापराचे आकडे नियमित कळवले, काही इमारतींत एका सहकाऱ्याला इतरांना समजावण्याचं काम दिलं, आणि उरलेल्यांना फक्त माहिती पाठवली. पहिल्या इमारतींत वापर ७ टक्क्यांनी घटला, दुसऱ्यांत ४ टक्क्यांनी. नुसती माहिती मिळालेल्या इमारतींत तो ४ टक्क्यांनी वाढला. नेदरलँड्समधल्या एका धातू कारखान्यात (१९९६) एका विभागाला फक्त स्वतःचे आकडे दाखवले, दुसऱ्याला शेजारच्या विभागाचेही. तुलना पाहणाऱ्यांनी जास्त बचत केली, आणि सहा महिन्यांनंतरही केली. त्यांची पर्यावरणाबद्दलची मतं मात्र फारशी बदललेली नव्हती. त्याच देशातल्या एका कंपनीत बक्षिसांची तुलना झाली, तेव्हा सर्वांसमोर केलेलं कौतुक गुपचूप दिलेल्या काही युरोंपेक्षा सरस ठरलं.

मग निसर्गाबद्दलच्या आस्थेला काही किंमत नाही का? आहे, पण ती वेगळ्या जागी. प्रिंट पाठपोट काढणं हे यंत्र करून देतं, इंजिन बंद करणं हा कामाचाच भाग असतो. जे काम कोणाच्याच यादीत लिहिलेलं नसतं, म्हणजे बिघाड दिसल्यावर कळवणं, एखादी युक्ती सुचवणं, सहकाऱ्याला टोकणं, तिथे स्वतःच्या मनातून यावं लागतं. आणि नेमकी तीच आस्था कामाच्या ठिकाणी सर्वांत लवकर मारली जाते. ती कशी, हे कोणत्याही कारखान्यातल्या दाबाच्या हवेच्या लाइनवर जवळून पाहता येतं.

वीज सगळ्यांना दिसते. हवा फुकट वाटते. पण ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर त्यातून सुटणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर (हवा दाबून लाइनमध्ये भरणारं यंत्र) सुमारे ३ किलोवॉट खातो. वर्षाला ८,००० तास चालणाऱ्या कारखान्यात ही २४,००० युनिट झाली. गळती मोजायची रीत साधी आहे. साप्ताहिक सुट्टीला सगळी यंत्रं थांबवायची, लाइन भरलेली ठेवायची आणि कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा कोणी वापरत नाही, तरी दाब उतरतो, कॉम्प्रेसर लोडवर जातो म्हणजे हवा भरू लागतो, दाब भरला की अनलोड होतो म्हणजे भरणं थांबवतो. लोडवर किती मिनिटं आणि अनलोड किती मिनिटं, हे पाच-सहा फेऱ्यांचं घड्याळ लावून लिहायचं. सरासरी २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड आली, तर गळती २ भागिले ८, म्हणजे २५ टक्के. ३०० सीएफएमच्या (मिनिटाला ३०० घनफूट हवा देणाऱ्या) कॉम्प्रेसरला ही ७५ सीएफएम. दर सीएफएमला ०.१८ किलोवॉट धरले तर साडेतेरा किलोवॉट, आणि वर्षाच्या ७,२०० तासांना ९७,२०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर पावणेआठ लाख रुपयांच्या वर हवेत गेले. (वेग बदलणाऱ्या, म्हणजे व्हीएफडीच्या कॉम्प्रेसरवर ही रीत लागू पडत नाही, तिथे सुट्टीच्या दिवशीचे किलोवॉट थेट वाचावे.) नीट राखलेल्या लाइनची गळती १० टक्क्यांच्या आत असते.

ही गळती कुठे आहे ते यंत्रावरच्या कामगाराला ठाऊक असतं. फुस्स आवाज दिवसभर त्याच्याच कानाशी असतो. जागाही नेहमीच्याच: झटपट जोडायची कपलिंग, होज पाइपचा सैल क्लॅम्प, फिल्टर-रेग्युलेटरचा वाडगा, टेफ्लॉन टेप नीट न लावलेला आटा, पाणी काढायचा अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह. त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, बघू. फिटर आला नाही. दुसऱ्यांदा फिटर आला, यंत्र वीस मिनिटं थांबलं, आणि संध्याकाळी नग कमी का म्हणून विचारणा झाली ती यंत्रावरच्या माणसालाच. तिसऱ्यांदा तो सांगत नाही. महिन्याभरात तो आवाज त्याला ऐकूही येईनासा होतो. पुढे शेवटच्या यंत्राला दाब कमी पडू लागतो, कोणीतरी कॉम्प्रेसरचा दाब अर्ध्या बारने वाढवतो, वाढलेल्या दाबाने प्रत्येक भोकातून आणखी हवा जाते. या कामगाराला पर्यावरणाचं व्याख्यान देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने आपलं काम दोनदा केलं होतं.

ज्या ठिकाणी हे सुटतं, तिथे चिठ्ठीची पद्धत असते. लाल पुठ्ठ्याची दोन तुकड्यांची चिठ्ठी, दोन्हीवर एकच क्रमांक. कामगार जागा, तारीख आणि आपलं नाव लिहितो, एक तुकडा तारेने गळतीपाशी बांधतो, दुसरा मेन्टेनन्सच्या पेटीत टाकतो. गळती पक्की करायला ब्रशने साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की खूण करायची. विजेच्या पॅनेलजवळ पाणी नको, आणि हात लावून हवा शोधायची तर मुळीच नाही. दाबाची हवा कातडीतून आत शिरू शकते. दुरुस्ती सुट्टीच्या दिवशी किंवा शिफ्ट बदलताना करायची. ज्या दुरुस्तीला यंत्र थांबवावंच लागेल, ती मिनिटं मेन्टेनन्सच्या खात्यावर लिहायची, यंत्रावरच्या माणसाच्या नव्हे. हे शेवटचं कलम गाळलं की दोन महिन्यांत पेटी रिकामी राहू लागते.

दुसरी चूक म्हणजे विभागाला महिन्याला दहा चिठ्ठ्यांचं बंधन घालणं. मग एकाच कपलिंगवर तीन क्रमांक येतात. मोजायचे ते चिठ्ठी टाकल्यापासून दुरुस्तीपर्यंत लागलेले दिवस, आणि हा आकडा मेन्टेनन्सच्या प्रमुखाच्या नावाने लावायचा.

दुरुस्ती झाली की फिटर गळतीपाशी बांधलेला तुकडा सोडतो, मागे तारीख आणि काय बदललं ते लिहितो, आणि तो ज्याने लिहिला होता त्याच्या हातात देतो. पुढच्या सुट्टीला पुन्हा घड्याळ लावलं जातं. लोडची २ मिनिटं पावणेदोनवर आली आणि अनलोडची ६ मिनिटं दहावर गेली, तर ते दोन आकडे आधीच्या आकड्यांशेजारी कॉम्प्रेसर रूमच्या दारावर खडूने लिहायचे, शिफ्टला जाता-येता सगळ्यांना दिसतील असे.